तालित (प्रार्थनावस्त्र)

तालित हे यहुदी धर्मीयांनी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी डोक्यावरून किंवा खांद्यांवरून पांघरावयाचे आयताकृती वस्त्र होय. याच्या चार कोपऱ्यांना विशिष्ट रीतीने गाठी व वेढे देऊन बांधलेले गोंडे असतात. धर्मदृष्ट्या महत्त्व या गोंड्यांना आहे, कापडाला नाही; कापड हे गोंडे धारण करण्याचे साधन मानले जाते. महाराष्ट्रात या वस्त्राचा वापर प्रामुख्याने बेने इस्रायल समाजात होतो. या समाजाचे मूळ वसतिस्थान म्हणजे रायगड जिल्ह्याचा (पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा) किनारा. अलिबाग, रेवदंडा, पेण व पनवेल येथील प्रार्थनालयांत ही परंपरा चालत आली.

नाव आणि स्वरूप

'तालित' हा हिब्रू शब्द आहे. पूर्व युरोपातील अश्केनाझी यहुद्यांच्या उच्चारात तो 'तालिस' असा होतो. कोपऱ्यांच्या गोंड्यांना 'त्सीत्सित' म्हणतात. सेफार्दी उच्चारात 'सिसित' असेही ऐकू येते. मोठे, प्रार्थनेपुरते पांघरावयाचे वस्त्र ते 'तालित गादोल' आणि कपड्यांच्या आत दिवसभर घालावयाचे, मध्यभागी गळा कापलेले लहान वस्त्र ते 'तालित कातान'. मानेवर येणाऱ्या काठाला पुष्कळदा वेगळी पट्टी शिवतात. तिला 'अतारा' म्हणजे मुकुट म्हणतात. तिचा उपयोग एवढाच, की वस्त्राची वरची बाजू कोणती हे पांघरताना कळावे. धर्मनियमानुसार ती आवश्यक नाही, मात्र भरतकामाची सारी हौस तिच्यावरच फेडली जाते.

मराठी वाचकास या वस्त्रावरून उपरण्याची आणि त्याच्या गाठींवरून जानव्याची किंवा पारशांच्या कुस्तीची आठवण होणे साहजिक आहे. सूत विशिष्ट संकल्पाने कातणे आणि गाठींची संख्या अर्थपूर्ण मानणे या बाबतींत साम्य आहे, परंतु तालित हे दीक्षाचिन्ह नव्हे. ते अंगावर कायम धारण केले जात नाही. प्रार्थना संपली की घडी करून पिशवीत ठेवले जाते.

शास्त्राधार

या प्रथेचा मूळ आधार बायबलच्या 'गणना' या ग्रंथातील पंधराव्या अध्यायाची 37 ते 41 ही वचने आणि 'अनुवाद' या ग्रंथातील 22:12 हे वचन होय. पहिल्या ठिकाणी वस्त्राच्या कोपऱ्यांना गोंडे लावावेत आणि त्यांत निळा धागा घालावा, ते पाहून आज्ञांचे स्मरण व्हावे, असे सांगितले आहे. हाच उतारा 'शेमा' या मुख्य प्रार्थनेचा तिसरा परिच्छेद आहे. तो म्हणताना भक्त चारही गोंडे हाती एकत्र धरतात आणि गोंड्यांचा उल्लेख येताच त्यांचे चुंबन घेतात.

आज्ञा चार कोपऱ्यांच्या वस्त्राविषयी आहे. प्राचीन काळी नित्याचे पांघरूणच चौकोनी असे, त्यामुळे तिचे पालन आपोआप होई. पुढे शिवलेल्या कपड्यांचा प्रघात पडला तेव्हा ती पाळता यावी म्हणून मुद्दाम चार कोपऱ्यांचे वस्त्र पांघरण्याची रीत रूढ झाली.

रायगडच्या किनाऱ्यावर

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्याजवळचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. वंशजांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ते 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली, आणि नवगावकर, दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे त्यांनी गावांवरून घेतली.

बाहेरच्या यहुदी जगाशी संपर्क येण्यापूर्वी या समाजाने काय टिकवून ठेवले होते, याची एक यादी नेहमी सांगितली जाते: शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम, काही सण-उपास आणि 'शेमा'चे पहिले वाक्य. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक प्रसंगी हे एकच हिब्रू वाक्य म्हटले जाई. गोंड्यांची आज्ञा त्याच प्रार्थनेच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. पाठांतरात राहिली ती पहिली ओळ. वस्त्राची आज्ञा ज्या ओळींत आहे, त्या प्रार्थनेच्या पोथ्यांबरोबर परत आल्या.

हे पुनरागमन टप्प्याटप्प्याने झाले. दाविद राहाबी या कोचीनहून आलेल्या विद्वानाने समाजाला धर्मशिक्षण दिले आणि झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांतील तिघांना 'काजी' नेमले, अशी परंपरा आहे. त्याचा काळ काहीजण फार मागे नेतात. अभ्यासक बहुधा अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी त्याचा संबंध जोडतात. 1796 मध्ये सामुएल इझिकेल दिवेकर (सामाजी हसाजी) यांनी मुंबईत पहिले प्रार्थनालय बांधले. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे शिक्षक आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. विल्सनचा हेतू धर्मांतराचा होता, परंतु त्या शिक्षणातून समाजाला आपलेच ग्रंथ वाचता येऊ लागले, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. हाइम सामुएल केहिमकर यांनी समाजाचा सविस्तर इतिहास लिहिला, जो त्यांच्या मृत्यूनंतर 1937 मध्ये प्रसिद्ध झाला.

याच शतकात किनाऱ्यावर प्रार्थनालये उभी राहिली: रेवदंड्याचे बेथ एल (1842), अलिबागचे मागेन आबोथ (1848; नवी वास्तू 1910), पनवेलचे बेथ एल (1849) आणि पेणचे बेथ हाएलोहिम (1863). स्थानिक बोलीत यहुदी प्रार्थनालयाला 'मशीद' म्हणत. अलिबागच्या ज्या आळीत मागेन आबोथ आहे ती 'इस्रायल आळी' म्हणून परिचित आहे. येथील उपासना सेफार्दी वळणाची असल्याने तालितविषयीची रीतही साधारणपणे तीच. पूर्व युरोपातील अनेक समाजांत पुरुष लग्नानंतरच तालित पांघरू लागतो. सेफार्दी समाजांत मुलगेही पांघरतात.

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलमध्ये स्थलांतरित झाले. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्या वेळी किनाऱ्यावरील गावांत मोजकीच कुटुंबे उरली होती. सामूहिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. लहान गावांत ते जमणे कठीण झाल्याने काही प्रार्थनालये सणासुदीलाच उघडतात. तालित एकट्यानेही पांघरता येते, पण गोंडे बांधण्याची विद्या पाहून आणि हाताला वळण लावूनच शिकावी लागते. शिकवणारा माणूस गावात नसेल तर वस्त्र आयते आणावे लागते.

निळा धागा आणि नीळ

गोंड्यांतील निळ्या धाग्याला हिब्रूत 'तेखेलेत' म्हणतात. हा रंग 'हिलाझोन' नावाच्या समुद्रजीवापासूनच काढलेला असला पाहिजे, असे तालमूद सांगते. वनस्पतिजन्य निळीला तेथे 'काला इलान' असे नाव असून तिने रंगवलेला धागा तेखेलेत म्हणून लावणे निषिद्ध मानले आहे. 'बाबा मेत्सिया' या प्रकरणात तर अशा लबाडीची गणना खोट्या वजनमापांच्या बरोबरीने केली आहे. दोन्ही रंग डोळ्यांना सारखेच दिसतात, त्यामुळे फसवणूक सोपी होती. ती ओळखण्यासाठी 'मेनाहोत' या प्रकरणात कसोट्या दिल्या आहेत. त्यांपैकी एकीत धागा तुरटी, मेथीचे पाणी आणि 40 दिवसांचे मूत्र यांच्या मिश्रणात रात्रभर भिजवून रंग उतरतो का ते पाहावयाचे, असा अर्थ सामान्यतः लावला जातो.

निषिद्ध ठरलेली ही नीळ म्हणजे भारताच्या जुन्या व्यापारातील एक प्रमुख जिन्नस. युरोपीय भाषांतील 'इंडिगो' हे तिचे नावच 'भारतातील' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. दख्खनात निळीने कापड रंगवणाऱ्यांची 'निराळी' ही स्वतंत्र जात होती. ज्या देशातून हा रंग जगभर गेला त्या देशात राहणाऱ्या यहुद्यांना गोंड्यासाठी तो चालत नव्हता. वस्त्राच्या पट्ट्यांसाठी मात्र त्याला कोणतीही हरकत नाही. बंदी गोंड्यातील धाग्यापुरती, आणि तीही तो धागा तेखेलेत म्हणून मिरवण्यापुरती आहे. तालितवरील निळे पट्टे हेच तेखेलेत होत, असा गैरसमज बराच आढळतो. पट्टे ही केवळ रूढी आहे, आणि पुष्कळ सेफार्दी तालित पांढऱ्यावर पांढरे पट्टे असलेले असतात.

खरा तेखेलेत बनवण्याची कृती अरबांच्या विजयानंतरच्या काळात, सुमारे सातव्या-आठव्या शतकात, लोप पावली. त्यानंतर हजारांहून अधिक वर्षे सर्वत्र पूर्ण पांढरे गोंडे बांधले गेले. शोध पुन्हा सुरू झाला तो 1880 च्या दशकात. पोलंडमधील राद्झिनचे धर्मगुरू गेर्शोन हेनोख लाइनर यांनी माकूळ जातीच्या प्राण्याच्या शाईपासून निळा रंग तयार करवला. इसहाक हर्झोग (पुढे इस्रायलचे मुख्य धर्मगुरू) यांनी 1913 मध्ये लंडन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधाच्या कामात त्याची रासायनिक तपासणी करून घेतली, तेव्हा तो कृत्रिम 'प्रशियन निळा' निघाला: रंगात माकुळीचा वाटा जवळजवळ नव्हताच. म्युरेक्स जातीच्या काटेरी शंखाकडे अभ्यासकांचे लक्ष होते, परंतु त्याचा रंग जांभळट येई. 1980 च्या दशकात इस्रायलमधील शेंकार महाविद्यालयाचे रसायनतज्ज्ञ ओटो एल्स्नर यांच्या लक्षात आले, की रंगाचे द्रावण सूर्यप्रकाशात ठेवले तर शंखातील रंगद्रव्यामधील ब्रोमीन निघून जाते आणि धागा शुद्ध निळा होतो. उरते ते रासायनिकदृष्ट्या नीळच. शंखातून आलेली आणि झाडातून आलेली नीळ यांत रेणूचा काही फरक नाही. फरक आहे तो उगमाचा, आणि धर्मनियमाला तोच पुरेसा आहे.

जुन्या काळीही ही सरमिसळ होत असावी. यिगाएल यादीन यांना 1960-61 च्या उत्खननात यहुदिया वाळवंटातील गुहेत रंगवलेल्या लोकरीचा पुंजका मिळाला. तो गोंड्यांसाठीचा तेखेलेत असावा असे प्रथम वाटले. तपासणीत मात्र तो रंग नीळ आणि किड्यापासून काढलेला तांबडा यांचे मिश्रण ठरला.

आज अनेक जण शंखापासून रंगवलेला धागा लावतात. बहुसंख्य लोक मात्र निश्चित परंपरा तुटली असल्याने पांढरेच गोंडे पुरेसे मानतात. आठ पदरांपैकी किती निळे असावेत याविषयी मतभेद आहेत. मायमोनिदीस यांच्या मते एक, राबाद यांच्या मते दोन, तर राशी व तोसाफोत यांच्या मते चार.

कापड आणि शिवण

तालित लोकर, रेशीम, सूत यांपैकी कशाचेही चालते. एकाच वस्त्रात लोकर व ताग-अंबाडीसारख्या दिसणाऱ्या जवसाच्या झाडाचे सूत (लिनन) एकत्र करणे मात्र 'शातनेझ' म्हणून वर्ज्य आहे. हा नियम शिवणीच्या दोऱ्याला आणि अताऱ्याच्या अस्तरालाही लागू होतो. गोंड्यांचा धागा लोकरीचा असेल तर तो बहुतेक सर्व कापडांना चालतो. सुती गोंडा सुती वस्त्रालाच आणि रेशमी गोंडा रेशमी वस्त्रालाच लावावा.

मापानुसार शिवताना उंची व खांद्यांची रुंदी विचारात घेतात. मोठे तालित साधारण सव्वा ते दीड मीटर रुंद आणि पावणेदोन ते दोन मीटर लांब असते. सुती कापड आधी धुऊन आटवून घ्यावे लागते. तसे न केल्यास पहिल्याच धुण्यात कोपरे ओढले जातात. काठ दुमडून बारीक टीप घालतात. कोपरे काटकोनी राहणे आवश्यक आहे, कारण गोल कोपऱ्याला कोपरा मानले जात नाही. प्रत्येक कोपऱ्यावर मजबुतीसाठी चौकोनी ठिगळ लावून त्यात भोक पाडतात आणि कडा काजाप्रमाणे दोऱ्याने विणून घेतात. भोक काठापासून अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा जवळ नसावे आणि तीन अंगठ्यांच्या रुंदीपेक्षा दूर नसावे.

कामाचा क्रम येथे कटाक्षाने पाळावा लागतो. आधी वस्त्र पूर्ण व्हावे, मग गोंडे बांधावेत. आधी गोंडे बांधून नंतर कोपरा शिवून पुरा केला तर ते गोंडे बाद होतात. 'बनवावे, आपोआप बनलेले नसावे' असा यामागील नियम आहे.

हाताने रंगवलेली तालिते

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, स्वतःचे तालित स्वतः करण्याची आवड वाढली. धर्मगुरू झल्मान शाख्तर-शालोमी यांनी इंद्रधनुषी पट्ट्यांचे तालित प्रचारात आणले. 1973 मध्ये निघालेल्या 'ज्युइश कॅटलॉग' या पुस्तकाने गोंडे बांधण्याची कृती घरोघरी पोचवली. पुढे काही पंथांत स्त्रियाही तालित पांघरू लागल्या, तेव्हा रंगीत रेशमी वस्त्रांना मागणी आली. सनातनी पंथात हे वस्त्र स्त्रियांवर बंधनकारक नाही, आणि रूढीने त्या ते वापरत नाहीत.

रंगाईत नीळ आजही आवडती आहे. ती पाण्यात विरघळत नाही. म्हणून रांजणात चुन्याचे पाणी आणि गुळासारखा गोड पदार्थ घालून ती आंबवतात. दक्षिण भारतात त्यासाठी टाकळ्याचे उकळलेले बीही वापरीत. बुडवून काढलेले कापड प्रथम पिवळसर हिरवे दिसते आणि वारा लागताच निळे होते. गडद छटेसाठी पुनःपुन्हा बुडवून वाळवतात. चुन्याचा तीव्र क्षार लोकर व रेशमास सोसत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी सौम्य द्रावण करतात आणि शेवटी कापड पातळ शिरक्यातून काढतात. पट्टे उमटवण्यासाठी बांधणीप्रमाणे दोऱ्याने आवळणे, टाके घालून चुण्या ओढणे किंवा मेण लावणे या पद्धती वापरतात.

रंगीत वस्त्राला पांढरे गोंडे चालतील का, हा प्रश्न जुनाच आहे. 'शुल्हान आरुख' या धर्मसंहितेत गोंडे वस्त्राच्याच रंगाचे असावेत, असे एक मत नोंदवले असून काटेकोर लोक तसे करतात असे म्हटले आहे. अश्केनाझी रिवाजात मात्र वस्त्र कोणत्याही रंगाचे असले तरी गोंडे पांढरेच असतात.

रंगवणे, कातणे, विणणे, शिवणे, गाठ मारणे व सोडणे ही सर्व कामे शब्बाथला वर्ज्य आहेत. वर्ज्य ठरलेल्या 39 कामांपैकी मेंढीची लोकर कातरण्यापासून कापड फाडण्यापर्यंतची 13 कामे कापडाशीच संबंधित आहेत.

गोंडे बांधणे

गोंड्यांचा धागा याच आज्ञेसाठी कातत आहोत असा संकल्प करून कातला जावा लागतो. बाजारातील साधे सूत कितीही उत्तम असले तरी चालत नाही. वस्त्र कोणत्याही धर्माच्या कोष्ट्याने विणावे, रंगाऱ्याने रंगवावे, शिंप्याने शिवावे; गोंडा बांधणारी व्यक्ती मात्र यहुदीच असली पाहिजे. स्त्रीने बांधलेले गोंडे 'शुल्हान आरुख'नुसार ग्राह्य आहेत, तरी शक्यतो पुरुषाने बांधावेत असे अश्केनाझी टीकाकार सुचवतात.

प्रत्येक भोकातून चार धागे ओवून दुमडतात, म्हणजे आठ पदर होतात. त्यांपैकी एक मुद्दाम लांब ठेवलेला असतो. त्याला 'शामाश' म्हणजे सेवक म्हणतात आणि वेढे त्याचेच देतात. आधी दुहेरी गाठ, मग वेढे, पुन्हा गाठ, असे करीत पाच दुहेरी गाठी व त्यांच्यामधील चार भागांत वेढे येतात. अश्केनाझी पद्धतीत वेढ्यांची संख्या 7, 8, 11 व 13 अशी, एकूण 39 असते. 'परमेश्वर एक आहे' या अर्थाच्या हिब्रू शब्दांचे अक्षरमूल्यही 39 येते. सेफार्दी समाजांत रूढ असलेल्या एका पद्धतीत 10, 5, 6 व 5 असे 26 वेढे देतात. हे ईश्वराच्या चतुरक्षरी नामाचे मूल्य होय. येमेनी यहुदी मायमोनिदीस यांच्या मतानुसार वेगळीच बांधणी करतात. 'त्सीत्सित' या शब्दाचे अक्षरमूल्य 600, त्यात आठ पदर व पाच गाठी मिळवल्या की 613 ही आज्ञांची परंपरागत संख्या येते, असाही हिशेब सांगितला जातो. एकूण लांबीचा सुमारे एक तृतीयांश भाग वेढ्यांचा आणि उरलेला सुटा असावा.

वापर

तालित पांघरण्यापूर्वी 'गोंड्यांच्या वस्त्रात गुंडाळून घेण्याची' आज्ञा देणाऱ्या ईश्वराचे आभार मानणारे स्तुतिवचन म्हणतात. गोंडे 'पाहावेत' असे वचन असल्याने वापर दिवसाचा असतो. योम किप्पूरच्या आदल्या संध्याकाळी, कोल निद्रेच्या प्रार्थनेला, सूर्यास्तापूर्वीच तालित पांघरतात. तिशा बेआवच्या शोकदिनी ते सकाळी न घेता दुपारच्या प्रार्थनेस घेतात. पाहुण्यांसाठी काही तालिते प्रार्थनालयात ठेवलेली असतात. अनेक समाजांत विवाहमंडपाचे छत म्हणूनही तालित धरले जाते. झायोनिस्ट चळवळीने 1897 च्या बाझेल परिषदेच्या सुमारास स्वीकारलेल्या आणि पुढे इस्रायलचा राष्ट्रध्वज झालेल्या निशाणाचे निळे पट्टेही याच वस्त्रावरून घेतलेले आहेत.

प्रत्येक वेळी पांघरण्यापूर्वी गोंडे तपासण्याची रीत आहे. धागे तुटून गोंडा बाद झाल्यास तेवढाच बदलतात, वस्त्र तेच राहते. काढलेले गोंडे अनादराने टाकीत नाहीत. अनेक जण ते प्रार्थनेच्या पोथीत खूण म्हणून ठेवतात किंवा जीर्ण ग्रंथांबरोबर पुरतात. पुरुषाचे निधन झाल्यावर त्याला अनेक समाजांत त्याच्याच तालितमध्ये गुंडाळून दफन करतात. मृतावर आज्ञापालनाचे बंधन उरलेले नसल्याने त्यापूर्वी एका कोपऱ्याचा गोंडा कापून घेतला जातो.